उसवलेली लोकर

मंगळवारी सोल्वीचा टॉवेल ओला असतो,
पण त्याला तलावाचा वास नसतो.
क्लोरीनचा नाही, जमिनीतून येणाऱ्या
त्या गरम, गंधकी पाण्याचाही नाही.
नळाखाली धरून पिळलेला टॉवेल
हाताला वेगळा लागतो.
मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो,
कुठलं पाणी कुठून आलं
एवढं मला कळतं.

कळूनही तीन मंगळवार गप्प बसलो.

चौदावं सरता सरता त्याचा आवाज फुटला,
ओठावर पुसट रेघ आली,
आणि पोट, मांड्या, छाती
कुणाला न विचारता वाढत गेली.
छाती जास्तच.
आता तो बसतो उशी पोटाशी धरून,
चालतो खांदे पुढे ओढून,
जणू आतलं काही सांडेल.

रात्री भिंतीपलीकडे
वजनकाट्याची खट्ट.
मग शांतता.
मग पुन्हा खट्ट,
बहुधा मोजे काढून.

डिसेंबरात जेवताना मीच म्हणालो होतो,
"बटाटे ठेव रे थोडे, बोट बुडेल."
सगळे हसले. तोही हसला.
त्या हसण्यात काटा होता,
आणि मी तो माशाचा समजून
ताटाच्या कडेला ठेवून दिला.

(माझ्या बापानं मला धक्क्यावर, चारचौघांत,
सीलचं पिल्लू म्हटलं होतं.
तीस वर्षं मी त्याला विनोदच म्हणत आलो.)

जानेवारीत त्याचा राखी स्वेटर बसेना.
सिग्रून म्हणाली, नवा आणू.
पण नवा म्हणजे दुकान, पडद्यामागचा आरसा,
आणि बाहेरून कुणीतरी विचारणार,
"मोठा देऊ का अजून?"
मी सुया काढल्या.
इथं पोरांनाही शाळेत विणकाम शिकवतात,
आणि हा स्वेटर माझाच, गळ्यापासून खाली विणलेला.
काठापासून उसवत बगलेपर्यंत गेलो.

उसवलेली लोकर लगेच सरळ होत नाही.
जुन्या टाक्यांची वळणं धरून बसते.
भिजवून, खाली काहीतरी जड टांगून
वाळवावी लागते.
(वजन हा शब्द घरात मी जपून वापरतो आता.)

गुंडी करायला लड धर म्हटलं,
तर सोल्वीला दोन्ही हात पुढे करावे लागले.
उशी घसरून खाली पडली.
त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं,
पण हात गुंतलेले होते.

बऱ्याच वेळानं, लोकरीकडे बघत म्हणाला,
"तिथं शॉवरला दारं नाहीत."
"माहीत आहे."
"तुझं झालं होतं असं?"
"झालं होतं. छातीसकट."
"शाळेतली नर्स म्हणते, बहुतेकांचं जातं."
"खरं आहे."
"आणि नाही गेलं तर?"

मी शर्ट वर केला.
"तर असं."
त्यानं माझं पोट नीट पाहिलं,
ऑपरेशनचा वाकडा व्रण, पिकलेले केस, सगळंच.
हसला नाही. मीही हसवलं नाही.
म्हणालो, "त्या बटाट्यांचं, सोल्वी. चुकलं माझं."
"कुठले बटाटे?" म्हणाला,
आणि कान लाल झाले त्याचे.

बाजूनं टाके वाढवत विणलं.
नवी लोकर अर्धी छटा गडद निघाली.
चालेल म्हणाला.

पंचवीस तारखेला दोन महिन्यांनी
डोंगराच्या खाचेतून ऊन उतरलं,
गल्लीत सातेक मिनिटं टिकलं असेल.
घरोघरी पॅनकेकचा वास.
सोल्वीनं एक घेतला, साय खरवडून काढली,
अर्धा खाल्ला.
उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
सिग्रूननं टेबलाखाली माझा पाय दाबला होता,
नाहीतर मी बोललोही असतो.

काल मंगळवार.
टॉवेल दोरीवर, थंडीनं पत्र्यासारखा कडक.
जवळून गेलो.
वास घेतला नाही.